भूमिकेचे उमेदवार

ज्या वाङ्मयाविरुद्ध १९५४ च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क येथे अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे साक्षीपुरावे झाले, ज्याच्या वाचनाने मुले गुन्हेगारीकडे वळतात असे प्रतिपादन फ्रेडरिक वर्थम नामक मानसोपचारतज्ज्ञाने त्याच वर्षी एक ग्रंथ लिहून हिरिरीने केले, आणि ज्याच्या प्रकाशकांनी सरकारी निर्बंध टळावेत म्हणून आपण होऊन एक आचारसंहिता पत्करून प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर तिचा शिक्का उमटवण्यास आरंभ केला, ते दहा सेंट किमतीचे, वर्तमानपत्री कागदावर चार रंगांत छापलेले वाङ्मय अर्धशतक उलटते न उलटते तोच हॉलिवुडच्या तिजोरीची किल्ली होऊन बसेल, असे भाकीत त्या समितीपुढे कोणी केले असते, तर त्याची गणना साक्षीदारांत न होता वेड्यांत झाली असती. समितीपुढे डॉक्टर बोलले, प्रकाशक बोलले. ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप चालला होता ती मुले मात्र घरोघर अंक वाचण्यात गढलेली होती. त्या वेळी सॅम्युएल जॅक्सन टेनेसी राज्यातील चॅटनुगा गावी पाच वर्षांचा होता, आणि मार्क हॅमिलला तिसरे वर्ष चालू होते.

प्रस्तुत संग्रहातील लेखांचा विषय ही मुले आणि त्यांच्या मागून आलेली त्यांच्यासारखीच मुले हा आहे. म्हणजे बालपणी चित्रकथांच्या नादी लागून, पुढे नट म्हणून नाव झाल्यावर अथवा होण्यापूर्वीच, त्याच चित्रकथांतील वीरांच्या वा खलांच्या भूमिकांसाठी ज्यांनी आपली उमेदवारी पुढे केली अशी मंडळी. नटाने एखाद्या भूमिकेची अभिलाषा धरावी यात नवल नाही. परंतु येथे उमेदवाराची त्या पात्राशी वीस-वीस वर्षांची घसट असते, त्याचा पोशाख, त्याचे वैरी, त्याच्या बोलण्याची ढब, कोणत्या अंकात त्याचा पराभव झाला आणि कोणत्या चित्रकाराने त्याची हनुवटी किंचित रुंद केली, हे सारे त्याला मुखोद्गत असते. ही घसट त्याच्या कामी येते की आड येते, या प्रश्नावर चाहत्यांची आणि समीक्षकांची मते परस्परविरुद्ध आहेत. माझे मत असे की चाहता आणि नट एकाच देहात नांदत असले तरी त्यांचे हेतू भिन्न असतात. चाहत्याला ते पात्र व्हावयाचे असते, नटाला ते दाखवावयाचे असते. आणि ज्यांच्या ठायी नटाने चाहत्यावर आपला अंमल बसवला, पण त्याला घराबाहेर मात्र काढले नाही, त्यांचेच काम टिकले.

प्रतिपक्षाचा पुरावा आधी मांडणे न्यायाला धरून होईल. १९७८ च्या 'सुपरमॅन'मधील ख्रिस्तोफर रीव्ह हा रंगभूमीवर घडलेला, ज्युलियार्डच्या नाट्यशाळेत शिकलेला तरुण; चित्रकथांची पारायणे केलेला भक्त अशी त्याची ख्याती नव्हती. क्लार्क केंटचा बावळेपणा त्याने बेतला तो कॅरी ग्रँटच्या १९३८ मधील एका विनोदी बोलपटावरून, आणि योगायोग असा की सुपरमॅनचा पहिला अंकही त्याच सालचा. त्या चित्रपटातील एक प्रसंग पुनःपुन्हा पाहण्याजोगा आहे. लोइसच्या घरी, ती आतल्या खोलीत गेली असता, क्लार्क चष्मा काढतो, वाकलेले खांदे सरळ करतो, छाती भरून घेतो, आवाज खर्जात उतरवतो, आणि कपड्यांत तसूभर फेरफार न होता आपल्या डोळ्यांदेखत दुसराच पुरुष तेथे उभा राहतो. तिची चाहूल लागताच खांदे पुन्हा गळतात, चष्मा नाकावर चढतो, आवाज घशात अडकतो. हे अंक वाचून येत नाही. तीच गोष्ट ह्यू जॅकमनची: २००० सालच्या 'एक्स-मेन'साठी वुल्व्हरिनची भूमिका मिळाली तेव्हा वुल्व्हरिन नावाचा प्राणी अस्तित्वात आहे हेही त्याला ठाऊक नव्हते, आणि लांडग्याचा अभ्यास करून त्याने आपली चाल बसवली. मूळचा वुल्व्हरिन सव्वापाच फुटांचा बुटका. जॅकमन सहा फुटांहून उंच. तरीही आज त्या पात्राचे नाव घेतले की डोळ्यांपुढे जॅकमनच येतो. तात्पर्य, भक्ती ही अर्हता नव्हे.

मग भक्तांचे काय? त्यांतील अग्रेसर निकोलस केज. हा प्रख्यात दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा पुतण्या. आडनावामुळे आपले कर्तृत्व काकांच्या खाती जमा होईल या धास्तीने त्याने ते टाकले, आणि त्याच्या जागी जे घेतले ते १९७२ पासून मार्व्हलच्या अंकांत वावरणाऱ्या ल्यूक केज या कृष्णवर्णीय वीराच्या नावावरून. पुढे पैसा हाती येताच त्याने चित्रकथांचा मोठा संग्रह जमवला, आणि सुपरमॅन प्रथम जेथे अवतरला त्या जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत मिळवली. (ज्या दोघांनी हा सुपरमॅन निर्माण केला त्या जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना लिहून दिले होते, हे येथे नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही.) ती प्रत २००० साली त्याच्या घरातून चोरीला गेली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एका भाड्याच्या गोदामात सापडली, आणि त्याच वर्षी २१ लाख ६० हजार डॉलरांना विकली गेली. आपल्या मुलाचे नावही त्याने सुपरमॅनच्या जन्मनावावरून ठेवले. इतकी निष्ठा असलेल्या माणसाला ती भूमिका देऊ केली गेली, आणि मिळाली मात्र नाही. टिम बर्टन यांच्या दिग्दर्शनाखाली 'सुपरमॅन लिव्हज' या चित्रपटाची जुळवाजुळव झाली, मसुद्यावर मसुदे झाले, पोशाख शिवले गेले, कोट्यवधी डॉलर खर्ची पडले, आणि १९९८ साली वॉर्नर कंपनीने सारे काम तहकूब केले ते कायमचे. त्या वेळच्या पोशाखाच्या चाचणीची छायाचित्रे उपलब्ध आहेत. केस खांद्यांवर मोकळे, अंगाला चिकटलेला चकचकीत निळा पोशाख, आणि चेहऱ्यावर वीरश्रीपेक्षा संकोचच अधिक. ही छायाचित्रे पाहून हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत हसण्याजोगे काही दिसत नाही, कारण तेथे चाहता आणि नट यांपैकी कोण उभा आहे याचा निर्णय खुद्द केजलाच झालेला नाही, हे त्यांत स्वच्छ दिसते.

पुढे २००७ मध्ये 'घोस्ट रायडर' त्याच्या वाट्याला आला. जळत्या कवटीच्या त्या वीराचे चित्र त्याने आधीच आपल्या दंडावर गोंदवून घेतले होते, आणि तीच भूमिका करताना ते गोंदण रंगाखाली झाकावे लागले. भक्ताच्या खुणा पुसल्यावाचून देवाचे सोंग वठत नाही, असा या हकिकतीचा अर्थ कोणी लावला तर मी त्याला आडवे जाणार नाही. त्याची खरी कमाई मात्र जेथे तो बाजूला उभा राहिला तेथे झाली: २०१० च्या 'किक-अ‍ॅस'मध्ये वटवाघळासारखा पोशाख चढवताच तो १९६० च्या दशकातील दूरदर्शन मालिकेतल्या अ‍ॅडम वेस्टच्या बॅटमनप्रमाणे अडखळत, शब्द तोडून बोलू लागतो, आणि २०१८ मधील 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' या व्यंगचित्रपटात काळ्यापांढऱ्या जगातून आलेल्या स्पायडरमॅनला त्याने आपला आवाज दिला. सुपरमॅन म्हणून प्रत्यक्ष पडद्यावर तो आला २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये, क्षणभर. आणि त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे कॅमेऱ्यापुढे तो केवळ एका विश्वाचा नाश पाहत उभा होता, राक्षसी कोळ्याशी झालेली त्याची झुंज ही सारी संगणकाची करणी. पंचवीस वर्षांनी दरखास्त मंजूर झाली खरी, पण अर्जदाराच्या हजेरीची फारशी गरज उरली नव्हती.

याच्या उलट मार्क हॅमिलचे उदाहरण. 'स्टार वॉर्स'मधील ल्यूक स्कायवॉकर म्हणून त्याचे मुख जगाला इतके परिचित झाले की ते मुखच त्याच्या पुढील वाटचालीतील धोंड ठरले. चित्रकथांचा तो आजन्म वाचक. एक चित्रकथा त्याने दुसऱ्या एका लेखकाच्या सहकार्याने स्वतः लिहिलीही. १९९० च्या सुमारास वॉर्नरतर्फे बॅटमनची व्यंगचित्रमालिका तयार होत आहे असे कळताच त्याने तीत काही ना काही काम मिळावे म्हणून खटपट केली, आणि 'हार्ट ऑफ आइस' या भागात फेरिस बॉइल नावाच्या एका लबाड उद्योगपतीचे काम त्याच्याकडे आले. जोकरसाठी वास्तविक टिम करी या नटाची योजना झाली होती. ती बदलावी असे निर्मात्यांनी ठरवले तेव्हा चाचणीस बोलावलेल्यांत हॅमिल होता. आता त्याची मनःस्थिती पाहा. थोड्याच वर्षांपूर्वी १९८९ च्या चित्रपटात बॅटमन म्हणून मायकेल कीटनची निवड जाहीर होताच चाहत्यांनी निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता. विनोदी नट बॅटमन होणे ज्यांना सहन झाले नाही ते सत्प्रवृत्त ल्यूकला जोकर कसे होऊ देतील, असा विचार करून आपल्याला ही भूमिका मिळणे नाही अशी त्याने मनोमन खूणगाठ बांधली, आणि मिळणारच नसल्यामुळे निर्धास्तपणे जे वाटले ते केले. ती मिळाली.

हॅमिलचे यश नेमके कशात आहे हे एखाद्या सुट्या हास्यावरून कळत नाही. चित्रकथेतील हास्य हे कागदावरचे असते, एका अक्षराची ओळ, चौकटीच्या कडेपर्यंत लहानमोठ्या आकारात ओढलेली. ती वाचणारे प्रत्येक मूल ते मनात आपल्या परीने हसते. हॅमिलने ब्रॉडवेवर मोझार्टची भूमिका केली होती आणि त्या संगीतकाराचे उच्छृंखल हसणे त्याच्या गळ्यात बसलेले होते. ते त्याने येथे आणले, पण एकाच ठशात नव्हे. त्याचा जोकर दर प्रसंगी निराळा हसतो: कधी दातांतून फुसफुसत, कधी रडण्याच्या काठावरून परत येत, कधी वाक्याच्या मध्यावर, जणू पुढचा शब्द विसरल्यामुळे. अनेक अंकांत अनेक चित्रकारांनी काढलेले सारे हास्य ज्याने वाचले आहे, त्यालाच असे वैविध्य सुचते. आणि गळ्यावर ज्याची हुकमत आहे, त्यालाच ते साधते. येथे चाहत्याने माहिती पुरवली, निवड नटाने केली. शिवाय त्याचे मुख दिसत नव्हते, हा लाभ मी लहान समजत नाही. बॅटमनचा आवाज देणारा केव्हिन कॉन्रॉय हा मात्र चित्रकथा न वाचलेला नट होता, आणि दोघांची जोडी तीस वर्षे अभंग राहिली. २०२२ मध्ये कॉन्रॉय निवर्तला.

सॅम्युएल जॅक्सनच्या बाबतीत भूमिकेनेच उमेदवाराला हुडकून काढले. निक फ्युरी हा मूळचा गोरा सेनाधिकारी, १९६३ पासूनचा. २००२ साली मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांनी 'द अल्टिमेट्स' ही मालिका सुरू केली तेव्हा त्यांनी फ्युरीला जॅक्सनचा चेहरा दिला, तोही त्याला न विचारता. इतकेच नव्हे तर आपल्यावर चित्रपट निघाला तर आपली कामे कोणी करावीत अशी चर्चा त्यातील पात्रे एका अंकात करतात आणि फ्युरी स्वतःसाठी जॅक्सनचेच नाव सुचवतो. नित्याप्रमाणे अंक घेणाऱ्या जॅक्सनला त्यात आपलीच तसबीर दिसली. चाहत्याला आनंद झाला असेल. नटाने आपल्या मुखत्यारांकरवी प्रकाशकांकडे विचारणा केली, आणि चित्रपट निघालाच तर ही भूमिका आपणच करावी अशी आमची इच्छा आहे, असे उत्तर मिळवले. २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये नामावली संपल्यावर तो अर्ध्या मिनिटापुरता आला, आणि पुढील वर्षी नऊ चित्रपटांचा करार झाला. भावनेचा व्यवहार इतक्या चोखपणे झाल्याचे दुसरे उदाहरण मला आढळले नाही.

वेस्ली स्नाइप्सची हकिकत थोडक्यात सांगतो. 'ब्लॅक पँथर' पडद्यावर आणण्यासाठी १९९० च्या दशकात त्याने बरीच यातायात केली. पण नाव ऐकताच लोकांना आफ्रिकेतील राजा आठवण्याऐवजी ओकलंडची त्याच नावाची राजकीय संघटना आठवे, आणि बोलणे तेथेच खुंटे. पात्र १९६६ च्या जुलैमधले, संघटना त्याच ऑक्टोबरमधली. नावाचा हक्क सांगायचा तर पात्राचा दावा आधीचा. ते राहिले, आणि १९९८ मध्ये तो 'ब्लेड' झाला, मार्व्हल कंपनी दिवाळखोरीतून नुकती सावरत असताना. ड्वेन जॉन्सनने 'ब्लॅक अ‍ॅडम'चा ध्यास पंधरा वर्षे घेतला आणि २०२२ मध्ये तो चित्रपट निघाला. परंतु मूळ कथेत जो शॅझामचा प्रतिस्पर्धी म्हणून जन्मला, त्याला त्या प्रतिस्पर्ध्यापासून अलग काढून स्वतंत्र नायकाची गादी देण्यात आली, आणि वैरी गेल्याबरोबर पात्राचा कणाही गेला. चाहत्याने मालकासारखे वागू लागावे, हा या भक्तीतला नेहमीचा धोका आहे.

मराठी वाचकाला यातील सर्वांत जवळचा वाटावा असा उमेदवार म्हणजे बिली झेन. टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने १९६४ ते १९९० या काळात ज्या 'फँटम'ला आपल्याकडे आणले आणि मराठीत ज्याला 'वेताळ' हे आपल्या गावशिवेवरच्या दैवताचे नाव मिळाले, तो ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला जांभळ्या पोशाखाचा वीर आपल्या मायदेशापेक्षा परमुलखातच अधिक वाचला गेला: भारतात, स्वीडनमध्ये, आणि विशेषतः ऑस्ट्रेलियात, जेथे त्याचे अंक १९४८ पासून निघत आहेत. मूळ कथेतील 'बंगाला' हे नाव येथे वाचकांच्या भावना जपण्यासाठी 'डेंकाली' झाले, आणि ती डेंकाली आफ्रिकेत की आशियात याविषयी आमच्या पिढीतील पोरांनी शाळेच्या व्हरांड्यात घातलेले वाद मिटल्याचे मला स्मरत नाही. बिली झेन हा शिकागोचा अमेरिकन. त्याला वेताळाचे वेड लागले ते ऑस्ट्रेलियात 'डेड काम' या १९८९ च्या चित्रपटासाठी गेला असता. म्हणजे अमेरिकेच्या वीराची ओळख अमेरिकन नटाला परदेशात झाली. पुढे भूमिका मिळताच, पोशाखात कृत्रिम स्नायू भरण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याने वर्षाहून अधिक काळ शरीर कमावले. दिग्दर्शक सायमन विन्सर हाही ऑस्ट्रेलियन आणि वेताळाचा जुना वाचक. १९९६ च्या जूनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि साडेचार कोटी डॉलर खर्चापैकी निम्मेही अमेरिकेतून परत आले नाहीत. मी त्याला पडलेला चित्रपट मानतो, वाईट चित्रपट मानत नाही. झेन गंभीर चेहऱ्याने थट्टा करत नाही, की थट्टेच्या चेहऱ्याने गांभीर्य झाकत नाही. जांभळ्या पोशाखाची त्याला लाज वाटत नाही. ज्या देशात वेताळ कोणाला ठाऊकच नव्हता, तेथे या निर्लज्ज निष्ठेचे मोल कोण करणार?

शेवटचा लेख इमान वेलानीवर आहे, आणि तो शेवटी ठेवण्याचे कारण केवळ वय नव्हे. २००२ साली कराचीत जन्मलेली, कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात वाढलेली ही मुलगी 'आयर्न मॅन'चे अंक वाचता वाचता 'मिस मार्व्हल'पाशी आली. ही मिस मार्व्हल म्हणजे न्यू जर्सीतील कमाला खान, एका पाकिस्तानी कुटुंबातील शाळकरी मुलगी, जी स्वतःच कॅप्टन मार्व्हलची एवढी चाहती आहे की तिच्यावर कथा लिहीत असते; जी. विलो विल्सन, एड्रियन अल्फोना आणि संपादिका सना अमानत यांच्या हातून घडलेल्या या मालिकेच्या पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळाले. इमान तो पोशाख आजीकडून शिवून घेऊन शाळेत असताना हॅलोविनला मिरवली होती. पुढे नट निवडण्याची जाहिरात नात्यातल्या एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली, आणि २०२२ मध्ये त्या चित्रकथेवर निघालेल्या पडद्यावरील मालिकेची ती नायिका झाली. चाहतीने चाहतीचे काम करावयाचे, ही संधी इतर कोणाला मिळाली नाही. आणि धोकाही इतर कोणाला इतका मोठा नव्हता, कारण स्वतःच्याच उत्साहाचे अनुकरण करू लागलेला नट फार लवकर कृत्रिम होतो. ती तशी होत नाही याचे कारण तिच्या भोवतीची माणसे. बापाच्या भूमिकेत मोहन कपूर आणि आईच्या भूमिकेत झेनोबिया श्रॉफ, दोघेही मुंबईशी नाते असलेले, तिच्या चित्रकथेच्या वेडाकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर आपल्या घरांत कोणालाही ओळखीची वाटेल. फरहान अख्तर थोडा वेळ येऊन जातो. आणि पाचव्या भागात कथा जेव्हा १९४७ च्या फाळणीतील रेल्वेच्या फलाटावर जाऊन पोहोचते, तेव्हा वीराचा पोशाख बराच वेळ कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

हीच मुलगी मार्व्हलचे सर्वेसर्वा केव्हिन फायगी यांच्याशी जाहीरपणे वाद घालते की चित्रपटांतील विश्वाला ६१६ हा क्रमांक देणे चूक आहे, तो मान मूळ चित्रकथांच्या विश्वाचा, चित्रपटांचा क्रमांक १९९९९९. मालकाला त्याच्याच दप्तरातील नोंद दाखवणारी नोकर पुष्कळ कारखान्यांत टिकत नाही, ही टिकली. २०२३ मध्ये तिचा 'द मार्व्हल्स' हा चित्रपट तिकिटबारीवर साफ आपटला, पण त्याच वर्षी सबीर पिरजादा यांच्या बरोबरीने तिने मिस मार्व्हलची नवी चित्रकथा लिहिली. पडद्यावरून परत कागदावर येण्याचा हा मार्ग या संग्रहातील दुसऱ्या कोणत्याही नटाने आपल्याच पात्रासाठी चोखाळलेला नाही.

संग्रहातील लेख कालानुक्रमाने लावले आहेत, पण वाचण्याचा क्रम वाचकाने तोच ठेवावा असा आग्रह नाही. माझी सूचना मानायची असेल तर हॅमिलच्या लेखापासून आरंभ करावा. आणि तत्पूर्वी 'हार्ट ऑफ आइस' हा वीस-बावीस मिनिटांचा भाग पाहून त्यातील फेरिस बॉइलचे बोलणे नीट ऐकावे, मग त्याच मालिकेतील जोकरचा कोणताही एक भाग लावावा. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत.